वाचकांचे प्रश्न : चौकातला जस्ताचा शिपाई

प्रश्न : अमेरिकेतल्या लहान गावांत यादवी युद्धाच्या स्मारकांवर जिथे तिथे तोच शिपाई दिसतो. बंदुकीचा दस्ता जमिनीला, नळी हातात. उत्तरेतही तो, दक्षिणेतही तो. हे कसं?

उत्तर : तो कॅटलॉगमधून मागवलेला माल आहे. युद्ध १८६५ मध्ये संपलं, स्मारकांची लाट मात्र पुढच्या चार-पाच दशकांची. समित्यांकडे वर्गणीचे बेताचेच पैसे. ब्रिजपोर्ट, कनेक्टिकट इथली मॉन्युमेंटल ब्रॉन्झ कंपनी माणसाच्या उंचीचा शिपाई ४५० डॉलरला देई. गिऱ्हाईक दक्षिणेचं असलं की पट्ट्याच्या बकलावर ‘यू.एस.’ऐवजी ‘सी.एस.’, म्हणजे ‘कॉन्फेडरेट स्टेट्स’, फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं. कंपनी धातूला ‘पांढरं ब्राँझ’ म्हणे. होतं निव्वळ जस्त!

प्रश्न : मेन राज्यातल्या यॉर्क गावचा शिपाई दक्षिणेचा वाटतो. पार्सलांची अदलाबदल झाली म्हणतात, खरं का?

उत्तर : नाही. त्याची रुंद काठाची टोपी १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धातल्या गणवेशाची आहे. पुतळा १९०६ चा. तेव्हा डोळ्यांसमोर तोच शिपाई होता.

प्रश्न : जस्ताचा पुतळा ओळखायचा कसा? तो कलतो का?

उत्तर : रंग निळसर राखाडी, टिचकी मारली की पोकळ आवाज. चुंबकावर विसंबू नका, ते ब्राँझलाही चिकटत नाही. सांधे शोधा. हात, धड, पाय वेगळे ओतून वितळत्या जस्ताने जोडलेले असतात, आणि वरून वाळूचा मारा करून दगडासारखा खरखरीतपणा आणलेला असतो.

जस्त स्वतःच्याच वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू बसत जातं. सगळा भार घोट्यांवर, त्यामुळे तिथे दबतं, सांधा उकलतो आणि शिपाई कलतो. मग कुणीतरी आत काँक्रीट भरतं. हा सर्वात वाईट इलाज. सांध्यातून शिरलेलं पाणी आत अडकतं, लोखंडी सळ्या गंजून फुगतात आणि ठिसूळ जस्ताला तडे जातात.

काँक्रीट जपून काढावं, आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा बसवावा आणि सारा भार त्यावर घ्यावा. स्टील जस्ताला थेट टेकू देऊ नये, मध्ये नायलॉनचा वायसर हवाच. लोखंडी पत्रा वाचवायला जस्त स्वतः झिजतं, म्हणून तर त्याचा मुलामा देतात. पुतळ्यात तोच गुण नडतो. तळाशी पाणी निघायला भोकं ठेवा, आणि पुढच्या रंगकामात ती बुजणार नाहीत हेही बघा.