तीन दिवसांचे क्योतो : काय पाहावे, काय सोडावे

प्रश्न : माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त ओसाका येथे असतात. नोव्हेंबरअखेर आम्ही पती-पत्नी प्रथमच जपानला जात असून तीन दिवस क्योतोसाठी ठेवले आहेत. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले व शाकाहारी असून माझे गुडघे दुखतात. प्रवास संस्थेने तीन दिवसांत चौदा ठिकाणे आणि त्यातच एका दिवसाची टोकियो-फेरी सुचवली आहे. हे झेपेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टोकियो या वेळी सोडावे, असे मी आग्रहाने सांगेन. क्योतोहून तिथवर शिंकान्सेन या अतिजलद गाडीलाही एका बाजूने सुमारे सव्वादोन तास लागतात. जाऊन-येऊन अर्धा दिवस त्यातच संपेल. चौदा ठिकाणांचे म्हणाल, तर ७९४ साली राजधानी झालेल्या आणि पुढे हजार वर्षांहून अधिक काळ सम्राटांचे वास्तव्य असलेल्या या नगरीत पाहण्यासारखे इतके आहे की, मंदिरांची संख्या वाढवण्यापेक्षा रोज एकच दिशा धरावी. आपला मुक्काम ओसाकाला मुलीकडेच राहू द्यावा. तेथून जलद लोकलने क्योतो अर्ध्या तासावर आहे. फक्त पहिल्या, म्हणजे पूर्वेकडच्या, दिवसाच्या आदल्या रात्री मात्र क्योतोतच राहावे.

कारण पूर्वेकडील कियोमिझु मंदिर सकाळी सहाला उघडते. पहाटेच्या काकड आरतीला अंबाबाईच्या देवळात जाणाऱ्यास गर्दीपूर्वीच्या दर्शनाचे मोल वेगळे सांगायला नको. मुख्य मंदिर १६३३ मधले असून त्याचा सुमारे १३ मीटर उंचीचा लाकडी सज्जा उतारावर पुढे आलेला आहे. आपण जाल त्या दिवसांत त्याखालची मेपलची झाडे लाल झालेली असतात. टॅक्सीने शक्य तितके वर जावे. गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक जाचतो, म्हणून सान्नेनझाका या जुन्या गल्लीच्या दगडी पायऱ्या उतरताना काठी जवळ ठेवावी.

दुसऱ्या दिवशीचे सांजुसांगेन्दो हे बौद्ध मंदिर मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नये. सुमारे १२० मीटर लांबीच्या या सभामंडपात कान्नोन, म्हणजे आपल्या परिचयाचा करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, याच्या १,००१ मूर्ती आहेत : मध्ये एक मोठी बैठी आणि दोन्ही बाजूंना रांगांनी उभ्या एक हजार. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता असून त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे आणि बासरी वाजवणारा चोचीचा गरुडही आहे. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर गेलेले हे देव तिथल्या वेशात उभे पाहताना महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला जे वाटते, ते अन्य पर्यटकाला क्वचितच वाटत असेल. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, त्यामुळे निवांतपणे पाहावे, चढही नाही. दुपारी फुशिमी इनारी, म्हणजे भाताच्या देवतेचे स्थान, पाहावे. तेथील हजारो शेंदरी तोरणद्वारांची वाट डोंगरमाथ्यापर्यंत जाते, पण आपण पहिल्या टप्प्यातूनच परतावे. प्रवेश विनामूल्य असून जागा रात्रीही खुली असते.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेचे अराशियामा : बांबूचे बन, तेन्र्यूजी मंदिराची बाग, नदीवरचा पूल. सुवर्णमंदिर किन्काकुजी वगळल्याचे अनेकांना खटकेल. परंतु मूळ वास्तू १९५० मध्ये जळाली, आजची १९५५ मधली आहे, आणि तेथे जाण्या-येण्यात जाणारा वेळ मी अराशियामाला देईन. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि बहुतेक मंदिरे त्याच वेळेस बंद होतात, म्हणून दिवस सकाळीच सुरू करावा.

जेवणाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाज्यांच्या रश्श्यात आणि नूडल्सच्या पाण्यातही बहुधा दाशी (चवीसाठीचे सार) असते, जी सुकवलेल्या बोनितो माशापासून करतात. नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'मासे आणि माशांची दाशीही चालत नाही' हे वाक्य मुलीकडून जपानीत कागदावर लिहून घ्यावे व जेवण मागवण्यापूर्वी दाखवावे. मंदिरांची शोजिन र्योरी ही शाकाहारी पंगत परंपरेने कांदा-लसणाविनाच असते. ती एकदा आधी जागा राखून अवश्य घ्यावी. एरवी सकाळी निघताना मुलीकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी.