दंतवैद्याची भीती भयगंडाच्या कोणत्या प्रकारात मोडते?

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी दंतवैद्यांकडे जाऊ शकलेले नाही. दाढ ठणकत असतानाही दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. नवव्या वर्षी माझा दात काढताना भूल पुरती चढली नव्हती आणि मी हात वर करूनही काम थांबवले गेले नाही. रक्ताची मला भीती वाटत नाही, इंजेक्शनही मी मुकाट्याने घेते. तरीही माझ्या भीतीला रक्त-इंजेक्शनचा भयगंड म्हणतात, असे वाचनात आले. हे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या बाबतीत मला ते बरोबर वाटत नाही. तुमची शंका रास्त आहे, कारण या प्रश्नावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही.

ही भीती विशिष्ट भयगंडात, म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीच्या वा प्रसंगाच्या तीव्र भीतीत मोडते, या मूळ वर्गाबद्दल मात्र वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत विशिष्ट भयगंडाची उदाहरणे देताना उंची, अंधार, विमानप्रवास यांच्या जोडीला दंतोपचारांचाही उल्लेख आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या नियमावलीनुसार भीती साधारण सहा महिने वा अधिक काळ टिकलेली, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवास्तव आणि जगण्यात अडथळा आणणारी असेल, तर तिला विशिष्ट भयगंड म्हणतात. दुखऱ्या दाढेसह दारातून परत फिरणे हा तसा अडथळाच आहे.

मतभेद आहे तो उपप्रकाराविषयी. डीएसएममध्ये प्राणी, नैसर्गिक परिस्थिती, रक्त-इंजेक्शन-इजा, विशिष्ट प्रसंग आणि इतर असे पाच उपप्रकार आहेत. शरीरात शिरकाव करणारे वैद्यकीय उपचार यांपैकी तिसऱ्यात मोडत असल्यामुळे दंतवैद्याची भीतीही सरसकट तिथेच नोंदवली जाते. परंतु रक्ताच्या भीतीची एक शारीरिक खूण आहे : नाडी व रक्तदाब आधी वाढतात, मग एकाएकी उतरतात आणि माणसाला भोवळ येते. दंतवैद्याला घाबरणाऱ्या बहुतेकांची छाती धडधडते, तळवे घामेजतात, पण शुद्ध हरपत नाही. हा फरक उपचारांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. भोवळ येणाऱ्यांना स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऊस्ट यांनी रुजवलेली पद्धत शिकवतात, म्हणजे हातापायांचे व धडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताठ करून रक्तदाब टिकवून धरायचा. उलट ज्यांची नुसती धडधड वाढते, त्यांना स्नायू सैल सोडण्याचा सराव उपयोगी पडतो. चुकीच्या खणात नोंद झाली, तर सल्लाही चुकू शकतो.

त्यातच, खुर्चीवर आडवे झालेल्या दोन माणसांची भीती एकच असते असेही नाही. एकाला घशाशी पाणी साचून गुदमरण्याची धास्ती असते, आणि ती ‘इतर’ या उपप्रकारात बसते. दुसऱ्याला कोंडल्यासारखे वाटते, तिसऱ्याला किडके दात दाखवायची लाज वाटते आणि ती कदाचित सामाजिक भयाची बाजू असते. नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीसारखी साधने भीती किती आहे ते मोजतात, ती कशाची आहे हे त्यांतून कळत नाही.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे हात वर करूनही न थांबलेले ते काम. तुमची भीती सुईची नसून, वेदना होत असताना आपले कोणी ऐकणार नाही याची असावी. त्या प्रसंगाची चित्रे नको असताना डोळ्यांसमोर येतात का, स्वप्ने पडून दचकून जाग येते का, हे समुपदेशकांना अवश्य सांगा. तसे होत असेल, तर आघातोत्तर तणावाचीही तपासणी व्हायला हवी. तसे नसेल, तर विशिष्ट भयगंड हे निदान पुरेसे आहे आणि टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची उपचारपद्धती त्यावर चांगली लागू पडते. पहिल्या भेटीत तपासणीसाठी तोंडही उघडू नका. हात वर होताच काम थांबेल, एवढेच दंतवैद्यांशी ठरवून घ्या आणि पुढच्या खेपेला नुसत्या आरशाने तपासणी होत असताना एकदा मुद्दाम हात वर करून पाहा.