ओल्या कचऱ्याचं काय काय होतं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शहरातल्या ओल्या कचऱ्यापासून खत, गॅस आणि बाकी काय काय बनतं यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळीच घेणं जागेअभावी जमणार नाही, बऱ्याच जणांच्या कामाचे वाटले ते प्रश्न घेतलेत.

आमची १२० फ्लॅटची सोसायटी आहे. महापालिका म्हणते ओला कचरा तुमचा तुम्हीच जिरवा. एक व्हेंडर २४ तासात खत देणारं मशीन विकतोय, दुसरा म्हणतो बायोगॅस लावा, सगळ्यांना गॅस मिळेल. कमिटीत दोन गट पडलेत. काय घ्यावं?
*– सोसायटीचे सेक्रेटरी, ठाणे*

सेक्रेटरीसाहेब, आधी त्या २४ तासवाल्या मशीनचं सांगते. त्यात कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात, खाली जे पडतं ते हलकं असतं, दिसायलाही चहापत्तीसारखं छान दिसतं, पण ते खत नसतं. व्हेंडरच्या समोरच मूठभर घ्या, पाणी शिंपडा आणि डब्यात झाकून दोन-तीन दिवस ठेवा. वास सुटला, बुरशी धरली तर समजा कुजायचं काम अजून सुरूच व्हायचंय, आणि असं कच्चं झाडाला घातलं तर झाड पिवळं पडतं. शिवाय ओल्या कचऱ्यात पाऊण हिस्सा पाणीच, ते विजेवर उडवायचं म्हणजे दर महिन्याचं बिल आलंच.

आता गॅसचा हिशोब. घरटी अर्धा किलो धरा, १२० घरांचे ६० किलो. नीट चालणारा प्लॅन्ट १०० किलो खरकट्याला साधारण १० घनमीटर गॅस देतो, म्हणजे तुमचे झाले ६ घनमीटर, आणि १ घनमीटर बायोगॅस म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम एलपीजी. दिवसाला पावणेतीन किलो, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर पाच-सव्वापाच दिवसांनी. हा १२० घरांत वाटणार कसा? पण एखाद्या मेसला, कँटीनला किंवा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराला एवढा गॅस म्हणजे चांगलीच मदत. म्हणून कमिटीत प्रश्न हा विचारा की गॅस रोज वापरणारी चूल प्लॅन्टपासून हाकेच्या अंतरावर आहे का. नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आपल्याकडे यात काम कमी झालेलं नाहीये. बीएआरसी म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ प्लॅन्ट उभा केला, त्यात कचरा आधी गरम पाणी आणि हवा देऊन पातळ करतात आणि मग बंद टाकीत सोडतात. पुण्यात ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिठूळ आणि गोड खरकट्यावर चालणारा घरगुती संच केला, त्याला २००६ मध्ये ॲशडेन हा ब्रिटनमधला स्वच्छ ऊर्जेसाठीचा पुरस्कारही मिळाला. तंत्र पक्कं आहे, प्लॅन्ट बंद पडतात ते चालवण्यात. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू असतात, पहिले खरकट्याचं ॲसिड करतात, दुसरे ते ॲसिड खाऊन मिथेन करतात, आणि हे दुसरे फार संथ असतात. सोसायटीत एखादं कार्य झालं आणि उरलेला सगळा भात-जिलेबी एकदम टाकीत गेली की ॲसिड साचत जातं, स्लरीला, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या काल्याला, आंबूस वास येतो, शेगडीची निळी ज्योत फडफडून विझते. तेव्हा गॅस कमी आला म्हणून लोक अजून कचरा टाकतात आणि तिथेच प्लॅन्ट मरतो. कचरा टाकणं थांबवायचं, शेणाचा काला घालायचा, थोडी चुन्याची निवळी द्यायची आणि थांबायचं. लिंबाची सालं, नारळाची शेंडी, हाडं टाकीत नकोतच.

तुमच्या जागी मी असते तर विटांच्या हवेशीर टाक्या बांधल्या असत्या आणि आवारातला वाळका पाला जाळायच्या ऐवजी पोत्यात भरून ठेवला असता. ओल्याचा एक थर, पाल्याचा एक थर, आणि ढिगाच्या पोटात तापमान ५५ अंशांच्या पुढे जायला हवं, हात घातला तर लगेच काढावासा वाटेल इतकं.

आणि व्हेंडर इंदूरचं उदाहरण देतात म्हणून सांगते. तिथला बायो-सीएनजी (बायोगॅस शुद्ध करून गाड्यांसाठी दाबून भरलेला गॅस) प्लॅन्ट फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता आहे, आणि त्याच्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. पण त्या शहरात कचरा दारातच वेगळा घ्यायची शिस्त आधी लागली, प्लॅन्ट नंतर आला. आपल्याकडे अजून डायपर आणि शाम्पूच्या पुड्या ओल्याच्या बादलीत सापडतात, तिथून सुरुवात करावी लागेल.

कंपोस्टच्या बादलीत बोटाच्या पेराएवढ्या चपट्या तपकिरी अळ्या झाल्यात, शेकड्याने. सासूबाई म्हणतात बादलीच फेकून दे. काय करू?
*– एक गृहिणी, नाशिक*

ताई, फेकू नका, सासूबाईंनाही हे उत्तर वाचून दाखवा. वर्णनावरून या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या दिसतायत. हिची माशी काळी, लांबट, आपल्या घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, चावत नाही, ती खाण्यासाठी जगतच नाही, जोडी जमवते, अंडी घालते आणि मरते. सगळं खाणं अळीच्या वयातच उरकलेलं असतं, म्हणून तर ती तुमचा कचरा इतका भराभर संपवते. वाळवलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि त्यासाठीच आता मंडईच्या आणि हॉटेलच्या कचऱ्यावर या अळ्या वाढवून कोंबड्यांचं, माशांचं खाद्य करणारे उद्योग उभे राहतायत. तुम्हाला नकोच असतील तर ओलावा कमी करा, वाळका पाला किंवा कोकोपीट जास्त घाला आणि वरून नेहमी झाकलेलं ठेवा. जवळपास कुणाकडे गावठी कोंबड्या असतील तर त्यांना द्या.

संत्र्या-मोसंबीच्या सालांचं बायोएन्झाइम करते, एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी. ग्रुपवर सांगतात की याने सगळे जंतू मरतात आणि फिनेल लागतच नाही. खरं का?
*– वाचक, कोल्हापूर*

प्रमाण बरोबर आहे, तीन महिने ठेवायचं आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा, काचेची बाटली नकोच. साफसफाईला ते चांगलं आहे, कारण आंबून त्यात व्हिनेगरसारखी ॲसिडं तयार होतात आणि सालातल्या तेलाचा तेलकटपणावर उपयोग होतो. पण सगळे जंतू मारतं हे मी म्हणणार नाही, घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणी सांगत नाही, कडाप्प्याचा ओटा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आंबट द्रावणाने त्यांची चकाकी जाते आणि परत येत नाही. टाइल्स, बेसिन, संडास यांना खुशाल वापरा, तेही पाणी घालून.

मी एमएस्सी बायोटेकला आहे. ओल्या कचऱ्यापासून बायोप्लास्टिक बनतं हे खरं की नुसती जाहिरात? प्रोजेक्टला घेऊ का?
*– विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर*

खरं आहे आणि नक्की घे. वर ठाण्याच्या उत्तरात ज्या ॲसिडमुळे बायोगॅस बंद पडतो म्हटलं ना, इथे नेमकं तेच हवं असतं. टाकी मुद्दाम त्या टप्प्यावर थांबवायची, मिथेनवाल्या जिवाणूंना जम बसूच द्यायचा नाही, की ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी ॲसिडं हातात येतात. मग दुसऱ्या टाकीत हवा देऊन मिश्र जिवाणूंना ही ॲसिडं आळीपाळीने खायला घालायची आणि उपाशी ठेवायचं, असं चालू ठेवलं की ज्यांना खाल्लेलं साठवून ठेवता येतं तेच टिकतात, आणि तो पेशीतला साठा म्हणजेच पीएचए नावाचं पॉलिस्टर. इटलीत त्रेविझोला शहरातला ओला कचरा आणि सांडपाण्याचा गाळ एकत्र घेऊन हे पायलट प्लॅन्टवर करून दाखवलंय, रेस अर्बिस नावाच्या युरोपियन प्रकल्पात, त्याचं नेतृत्व रोमच्या सापिएंझा युनिव्हर्सिटीकडे होतं.

अडचण कुठे आहे तर पेशीतून पीएचए बाहेर काढणं खर्चिक आहे आणि कचरा रोज बदलतो तसं प्लास्टिकही बदलतं, प्रोपिऑनिक जास्त असेल तर ते कमी ठिसूळ होतं. म्हणून तू प्लास्टिकची पिशवी बनवायच्या मागे लागू नकोस, वर्ष निघून जाईल. मंडईतला भाजीपाला आणि मेसचं खरकटं असे दोन नमुने घे, आंबटपणा (पीएच) बदलत कोणती ॲसिडं किती मिळतात ते मोज आणि शेवटी सुदान ब्लॅक या रंगाने स्लाइड रंगव. पेशीत काळपट निळे कण मायक्रोस्कोपखाली दिसले की जिवाणू साठा करतायत असं धरायला जागा आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यावर असा डेटा मिळणं फार गरजेचं आहे.

जाता जाता, दुकानात ‘कंपोस्टेबल’ म्हणून मिळणाऱ्या पीएलएच्या (मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकच्या) वस्तूंना ६० अंशांच्या आसपास तापणारा मोठा ढीग लागतो, घरच्या कुंडीत त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात.

वड्याची गाडी आहे, जळालेलं तेल गटारात ओतू नये हे कळतं, पण द्यायचं कुणाला?
*– डोंबिवली*

दादा, एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०१८ पासून रुको नावाची योजना आहे, त्यात नोंदवलेले संकलक तेल विकत नेतात आणि त्याचं बायोडिझेल होतं. गाळून, पाणी न मिसळता कॅनमध्ये साठवा. आणि स्वस्त मागणाऱ्या भलत्याच माणसाला विकू नका, ते फिरून कुणाच्या तरी कढईत येतं.

आम्ही कोळी, कोळंबी सोलून सोडे करतो. टरफलं आणि डोकी रोज पाटीभर फेकली जातात. याचं काही होतं का?
*– महिला बचत गट, वर्सोवा*

ताई, मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात किमती कचरा तुमचाच आहे. कोळंबीच्या वजनातला जवळजवळ ४०-५० टक्के भाग डोकं-टरफलात जातो आणि त्यातून कायटिन (टरफलाला कडकपणा देणारा पदार्थ), पुढे त्याचंच कायटोसान निघतं. रक्त थांबवणाऱ्या बँडेजमध्ये, पाणी निवळायला, शेतीत अशा बऱ्याच ठिकाणी ते लागतं. पण करायची पद्धत म्हणजे आधी ॲसिडने चुना काढायचा, मग अल्कलीने प्रोटीन, आणि शेवटी कडक कॉस्टिक सोड्यात तापवायचं, तेव्हा हे घरी-दारी मुळीच करू नका, सांडपाणीही घातक असतं. तुमचं काम त्याच्या आधीचं, टरफलं सडायच्या आत धुऊन, रेती चिकटणार नाही अशी जाळीवर कडक वाळवायची आणि चार-पाच गटांचा माल एकत्र करायचा, कारण कारखान्याला पाटीभर नको असतं. कोचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज टेक्नॉलॉजीने यावर बरीच वर्षं काम केलंय आणि त्यांचं मुंबईचं केंद्र वाशीला आहे. वाळवलेल्या टरफलांचा नमुना घेऊन तिथे जा, ओल किती, रेती किती हे तपासता येईल का विचारा, आणि तो कागद हातात आला की मगच खरेदीदाराशी दराचं बोला.