जपानहून कायमचा परत आलोय, तिथला नेंकिनचा (म्हणजे सरकारी पेन्शनचा) रेकॉर्ड इथल्या पीएफमध्ये ट्रान्सफर कसा करायचा?

होत नाही ट्रान्सफर. जुन्या कंपनीचा पीएफ नवीन कंपनीत नेतात, तेच कुणीतरी इथे चिकटवून तुम्हाला सांगितलेलं दिसतंय. जपानचे पैसे जपानकडेच राहतात, इथले ईपीएफओकडे. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात पात्रतेसाठी फक्त वर्षांची बेरीज होते. जपानच्या पेन्शनला १० वर्षं लागतात, तिथली ६ आणि इथली ईपीएसची (पीएफसोबतची पेन्शन योजना) ५ असली तरी झालं काम, मग जपान त्याच्या ६ वर्षांपुरतं पेन्शन ६५ व्या वर्षापासून देतं.

पण तो नेंकिनचे एकरकमी पैसे काढायचा अर्ज तुम्ही टाकला नाहीये ना अजून? नसेल तर थांबा जरा. यावरून आमच्याकडे गणपतीत चांगलंच वाजलंय. आमचे साडूभाऊ माझ्या आधी नागोयाहून आले, ७ वर्षं पगारातून कोसेई नेंकिन (नोकरदारांचं पेन्शन) कापलं गेलेलं, आल्याआल्या सगळं काढलं आणि गोरेगावच्या फ्लॅटचं इंटिरियर केलं. मी परत आलो तर पंगतीत, सगळ्यांसमोर, "अहो ६५ व्या वर्षी येन घेऊन करणार काय, २ वर्षांत काढलं नाही तर बुडालंच समजा." सासूबाई मोदक वाढता वाढता थांबून म्हणतात, बरोबर सांगतायत ते. बायको पण त्यांच्याच पार्टीत, कारण आमच्या मुलुंडच्या घराचं किचन तेव्हा काढायचं चाललेलं. अहो, २ वर्षांची मुदत त्या एकरकमी रकमेला आहे, पेन्शनला नाही! आणि रक्कम देतात जास्तीत जास्त ६० महिन्यांच्या हिशोबाने, पुसली मात्र सगळी वर्षं जातात. म्हणजे त्यांची वरची २ वर्षं फुकट गेली. मोबाईलवर उघडून दाखवलं तर म्हणे तुम्ही फार कागदी माणूस. असेन. मी नाही काढले, किचन पुढच्या वर्षी केलं.

तर कागदीच सांगतो. नेंकिन नंबरचा कागद जपा, १० आकडी असतो, आधी चार मग सहा. त्यावर काताकाना लिपीत नाव कसं लिहिलंय बघा, माझ्यात वडिलांचं नाव माझ्या नावाला चिकटून एकच लांबलचक शब्द झालाय, आधारवर वेगळंच. सॅलरी स्लिपा फेकू नका. इथला ईपीएस १० वर्षांच्या आतला असेल तर तोही काढू नका, फॉर्म १० सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे ती वर्षं शाबूत राहतात.

हां, एक राहिलंच. इथल्या कंपनीने सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (पीएफ इथेच भरतोय असा दाखला) काढून पाठवलं असेल तर तुमचं तिथे नेंकिन कापलेलंच नसणार, मग हे सगळं विसरा. दोन्हीकडचं मिळून १० वर्षं कधीच होणार नसतील तर खुशाल काढा पैसे. आणि अमेरिका किंवा गल्फवाल्यांनी यातलं काही स्वतःला लावू नका, त्यांच्याशी असा करारच नाही.

साडूभाऊ, वाचत असाल तर, त्या रकमेतून २०.४२ टक्के टॅक्स कापला होता ना, तो तिथे टॅक्स प्रतिनिधी नेमून परत मागता येतो, मुदत ५ वर्षं. तेवढं तरी करा.