घोडबंदरला गॅलरीत छोटं वर्कशॉप आहे, पहिली इलेक्ट्रिक गिटार बनवायचीय, नेक (तारांखालचा लांब दांडा) पण स्वतःच करू का?

पहिल्या वेळी नका करू. नेक रेडिमेड घ्या, बॉडी स्वतः बनवा. फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) जरा जरी सरकली तरी गिटार कायम बेसूर, बॉडीत मात्र बरंच काही खपून जातं.

लाकूड म्हणाल तर वखारीत सागवान सहज मिळतं, दिसतंही सुंदर, पण जड आणि तेलकट असतं, त्यामुळे फळ्या जोडायच्या आधी थिनरने पुसून लगेच ग्लू लावायचा. महोगनी मिळाली तर तीच घ्या. आणि पावसाळ्यात लाकूड आणूच नका, खाडीच्या हवेत ओल धरतं आणि नंतर सुकताना वाकतं.

खरा जीव ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या) जागेत आहे. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) १२व्या फ्रेटपर्यंत मोजा, त्याची दुप्पट म्हणजे स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, फेंडर कंपनीच्या गिटारसारख्या नेकला २५.५ इंच, म्हणजे साधारण ६४८ मिमी. आधी बॉडीत पॉकेट (नेक बसायची खाच) कोरून नेक घट्ट बसवा, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून तो फ्रेटबोर्डच्या (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) दोन्ही कडांपासून सारखा येतोय का बघा, मगच ब्रिजची भोकं पाडा. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकायचा सरकता तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे, नेककडे घेऊन नटपासून ६४८ मिमीवर ठेवा, कारण वरच्या फ्रेटवरचा सूर जुळवताना सॅडल मागेच न्यावं लागतं, पुढे जागा फारशी लागत नाही.

राउटर (लाकूड कोरायचं मशीन) एमडीएफच्या टेम्प्लेटवर, म्हणजे साच्यावर, चालवा, एका फेरीत ५-६ मिमीच, आणि मास्क लावूनच, सागाची धूळ फार त्रास देते.