सदनिकेत खोगीर कसे जपावे?

प्रश्न : मी मुंबईत घोडेस्वारी करते. जादाचे खोगीर, दोन लगाम आणि नमदे (खोगिराखाली घालायच्या जाड घड्या) आमच्या ४०० चौरस फुटांच्या घरात पलंगाखालच्या पेटीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले होते. पावसाळ्यात कातड्यावर बुरशी आली. काय करावे?

उत्तर : दोष जागेच्या अपुरेपणाचा नाही, प्लॅस्टिकचा आहे, कारण त्यात ओल कोंडते आणि घामाने माखलेल्या कातड्यावर बुरशीला आयते खाद्य मिळते. बुरशी गच्चीवर किंवा गॅलरीत कोरड्या फडक्याने पुसावी, कातड्याच्या साबणाने खोगीर स्वच्छ करावे आणि ते सावलीतच वाळवावे. उन्हात किंवा हीटरजवळ कातडे कडक होऊन तडकते. त्यानंतर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जास्त तेलाने शिवण सैल पडते.

खोगीर जमिनीवर टेकवून ठेवू नये, त्याचा आकार बिघडतो. दाराच्या वर, आतल्या भिंतीवर, गोल पाठीचा लाकडी आधार पक्का बसवून त्यावर खोगीर ठेवावे आणि वर जुन्या सुती चादरीचे आच्छादन घालावे. (बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते, ती टाळावी.) लगाम खिळ्याला न टांगता रुंद, गोल खुंटीला टांगावेत. पेटीत फक्त धुऊन खडखडीत वाळवलेले नमदे ठेवावेत आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सारे सामान हाताळून पाहावे.