नदीकाठचे धोबीघाट वारसा म्हणून जपावेत का? खान्देशात त्यातलं काही उरलं आहे का?

जपावेत, पण नुसते दगड जपून भागणार नाही. मी अमळनेरच्या परटाच्या घरातला. आजोबा बोरी नदीवर धुवायचे, वडिलांनी लाँड्री टाकली, मी नोकरी धरली.

धोबीघाट म्हटलं की लोकांना दगडावर आपटणं आठवतं. अर्धं काम त्याआधीच भट्टीवर होऊन जायचं. सोडा-साबणाच्या पाण्यातून काढलेले कपडे उकळत्या हंड्याच्या तोंडाभोवती वेटोळं करून रचायचे, खाली रात्रभर जाळ. वाफेने मळ सुटला की सकाळी बोचकी गाढवावर लादून नदी. आपटणं, खळबळणं, पांढऱ्या कपड्यांना नीळ आणि खळ, मग वाळूवर वाळवण. उन्हाने जी सफेदी यायची ती पावडरने येत नाही, असं वडील अजून म्हणतात. (लाँड्रीत मशीन त्यांनीच आणलं, हा भाग वेगळा.)

मला सगळ्यात जपण्यासारखी वाटते ती बिब्ब्याची खूण. बिब्बा सुईने टोचायचा, निघालेल्या तेलाने कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायची, वर चुना लावायचा. ती काळी पडते आणि कपडा फाटला तरी जात नाही. प्रत्येक घराची खूण वेगळी: दोन ठिपके, फुली, आडवी रेघ. आजोबांना लिहिता येत नव्हतं, पण कुठला सदरा कोणाचा यात चूक नाही. बेवारस प्रेताची ओळख पटवायला पोलीससुद्धा अशा खुणांचा माग काढत. बिब्बा अंगावर उततो; आजोबांच्या अंगठ्याची कातडी कायम काळी आणि खरबरीत असायची.

हे सांगताना गोडवे गायचे नाहीत. परीट बारा बलुतेदारांपैकी. वर्षभर धुवायचं आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायला जायचं. लग्नात पायघड्या घालायच्या, सुतकाचे कपडे धुवायचे, आणि पंगतीत शेवटी बसायचं. लाँड्रीत गाडगेबाबांचा फोटो आहे. तेही परटाच्याच घरात जन्मले, 1876 साली. माझ्या मुलाने गुडघाभर पाण्यात उभं राहावं असं मला वाटत नाही.

फ्रान्समध्ये सरकारने 1851 साली कायदा करून गावोगावी सार्वजनिक धुणीघरं बांधायला पैसे दिले. आज त्यातली कित्येक डागडुजी करून, फुलांच्या कुंड्या लावून ठेवली आहेत. धुवायला कोणी येत नाही. मुंबईचा महालक्ष्मीचा घाट अजून चालतो, कारण तिथे हॉटेलं आणि कपड्यांचे कारखाने काम देतात.

आमच्याकडे वर तामसवाडीला बोरीवर धरण झालं, आणि पावसाळा सरला की पात्र कोरडं. सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा त्याच पात्रात भरते. घाट सुशोभित करा म्हणणाऱ्यांना वडिलांचं एकच उत्तर: "नदीमा पानीच नही ना भो."

म्हणून मी वहीत खुणा उतरवून घेतोय. आतापर्यंत चाळीसेक झाल्या, कोणत्या गल्लीतलं कोणतं घर यासकट. परवा जुन्या धोतरावरची एक निघाली, उलटा त्रिकोण आणि शेजारी ठिपका. वडिलांना काही केल्या आठवेना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती ते आपलाच घरनी शे."